१५३६, १५३ नाही : फ्लॉपी, मोडेम आणि उत्तनचा मामा

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकायला जमत नाही आणि वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत.

आमचं घर उत्तनला. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, बस पकडायची आणि मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत समुद्राचा वास येईपर्यंत बसून राहायचं. गेल्या मे महिन्यात, पावसाच्या आधी आवराआवर करताना, आईने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. बिस्किटांचा जुना डबा. आत अकरा फ्लॉप्या. तुमच्यापैकी ज्यांनी फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चिन्हात बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो, ती खरोखरची वस्तू होती. साडेतीन इंची, चौकोनी, प्लॅस्टिकची. डब्याच्या झाकणावर आतून बॉलपेनने लिहिलेलं होतं : ‘१५३६. १५३ नाही.’

अक्षर मामाचं. मामा आता बोटीवर जातो, पण १९९६ मध्ये तो भाईंदरच्या एका छोट्या डीटीपीच्या दुकानात कामाला होता, हे मला ऐकून माहीत होतं. दुकान का सोडलं, हे घरात कुणी बोलत नसे. मी डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. तो जाळं विणत बसला होता.

“मामा, हे १५३६ काय रे?”

“सेकंद,” तो म्हणाला. मान वर केली नाही. “एका फ्लॉपीचे. मी १५३ धरले होते.”

आता मी सॉफ्टवेअरवाला. घरी येईपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच मिनिटांत, डोक्यात हिशोब लागला आणि अंगावर काटा आला. कारण तीच चूक मी स्वतः करून बसलोय, तेही बीटेक होऊन. ते पुढे सांगतो. आधी मामाचं.

दुकानात एका मंडळाची स्मरणिका होती. जाहिराती, फोटो, अध्यक्षांचं मनोगत, सगळं स्कॅन करून पानं लावलेली. फाइल मोठी झाली, म्हणून तिचे तुकडे करून सहा फ्लॉप्यांवर घेतली. छापखाना गिरगावात. एरवी मामा फ्लॉप्या खिशात घालून लोकलने जायचा. पण मालकाने नुकताच ९६०० चा मोडेम आणला होता, छापखान्याकडेही एक होता. इंटरनेटचा संबंध नाही बरं का. या मोडेमने त्या मोडेमला सरळ फोन लावायचा आणि शिट्ट्या मारत फाइल पलीकडे जायची. मालकाने विचारलं, किती वेळ लागेल? मामाने कॅल्क्युलेटरवर १४,७४,५६० ला ९६०० ने भागलं. उत्तर १५३.६. “फ्लॉपीला अडीच मिनिटं, सहाची पंधरा.” छापखाना सहाला बंद व्हायचा. मामाने साडेपाचला फोन लावला.

पहिलीच फ्लॉपी पोचली तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती.

मग उरलेल्या पाच खिशात कोंबून तो स्टेशनला पळाला. पोचला तेव्हा कुलूप. स्मरणिका कार्यक्रम झाल्यावर आली, जाहिरातदारांनी पैसे दिले नाहीत, मंडळाने दुकानाला दिले नाहीत, आणि मालकाने मामाच्या पगारातून कापले. पुढच्या महिन्यात मामा परत मोठ्या मामाच्या बोटीवर गेला.

आता हिशोब नीट करू. गाडी कुठे घसरली ते बघा.

फ्लॉपीवर ‘१.४४ एमबी’ लिहिलेलं असायचं. हा आकडाच मुळात अर्धवट आहे. फ्लॉपीच्या चकतीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ तुकडे, आणि एका तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. दहा लाखांचा एक एमबी धरला तर होतात १.४७ एमबी. १०२४ गुणिले १०२४ चा धरला तर १.४१. मग १.४४ आलं कुठून? कुणीतरी आधी १०२४ ने भागून १४४० काढले आणि पुढे त्याला १००० ने भागलं. अर्धी वाट एका मापाने, अर्धी दुसऱ्या मापाने! आणि हा आकडा जगभर करोडो लेबलांवर छापला गेला. मामाला खरा आकडा पाठ होता, हे त्याचं कौतुक. चूक इथे झालीच नाही.

चूक झाली ९६०० मध्ये. फ्लॉपीचा आकडा बाइटमध्ये आणि मोडेमचा बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, हे मामाला वर्गात शिकवलं होतं, पण मोडेमच्या खोक्यावर नुसतं ‘९६००’ होतं आणि दुकानात सगळे ‘९६०० बॉड’ म्हणायचे. (तेही चूकच. बॉड म्हणजे तारेवरची खूण सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा. ९६०० चा मोडेम सेकंदाला २४०० खुणा पाठवायचा, प्रत्येक खुणेत चार बिट.) बरं, आठने भागून १२०० बाइट धरले असते तरी उत्तर चुकलंच असतं. कारण अशा मोडेममध्ये प्रत्येक बाइटच्या पुढे एक ‘सुरू’ बिट आणि मागे एक ‘थांब’ बिट जातो. म्हणजे आठ नाही, दहा. ९६०० भागिले दहा, ९६० बाइट सेकंदाला. १४,७४,५६० भागिले ९६०, बरोब्बर १५३६ सेकंद. पंचवीस मिनिटं छत्तीस सेकंद. सहा फ्लॉप्यांचे अडीच तासांहून जास्त.

जाणकार म्हणतील की व्ही.४२ असलेले मोडेम आपसात बोलताना हे दोन बिट गाळत असत. खरंय, त्यांनी थोडा वेळ वाचायचा. मामाच्या मोडेमने ते गाळले नाहीत, हे त्याच्या घड्याळाने सांगितलं.

पण हे ‘सुरू’ आणि ‘थांब’ आले कुठून? कॉम्प्युटरच्या फार आधीपासून आलेत. टेलेक्स आठवतो का? तुम्हाला नाही आठवणार, मलाही नाही. जुन्या ऑफिसात, बंदरात, वर्तमानपत्रात टाइपरायटरसारखं मशीन असायचं, त्याला तार जोडलेली. त्याचा वेग ५० बॉड. बॉड हे नावच फ्रान्सच्या एमिल बोदो या तारखात्यातल्या माणसावरून आलं. टेलेक्सचं एक अक्षर पाच बिटांचं, पुढे एक सुरू, मागे दीड थांब. एकूण साडेसात. म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं. पलीकडचं मशीन मोटरवर फिरत असायचं, त्याला प्रत्येक अक्षराला ‘चल’ आणि ‘आता दम घे’ सांगावं लागायचं. मोटर गेली, सवय राहिली. भाईंदरच्या दुकानात मामाचे पाचातले एक मिनिट या जुन्या मोटरच्या सवयीने खाल्लं.

टेलेक्सचे पैसे मिनिटावर. म्हणून ऑपरेटर मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार ठेवायचा, आणि लाइन लागली की पट्टी सरसर घालायची. ती कागदी पट्टी म्हणजे स्टोरेजच की! फ्लॉपीची आजी म्हणा. आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : पट्टीवर एका ओळीत पाच भोकांची जागा, तारेवर अक्षराचे पाच बिट. साठवण आणि लाइन एकाच मापात बोलत होती. हिशोब बदलायची गरजच नव्हती. आमच्याकडे मासळी बंदरावर टोपलीने मोजतात आणि बाजारात वाट्याने विकतात, मधे कुणाला तरी अंदाज बांधावा लागतो. टेलेक्सच्या काळात टोपलीही तीच आणि वाटाही तोच होता.

फाटा फुटला तो कॉम्प्युटर आल्यावर. आणि त्यात दोष कुणा एकाचा नाही. आपल्याच मुंबईतलं उदाहरण घ्या. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. त्याचा एक शब्द ४८ बिटांचा, आणि त्यात अक्षरं सहा-सहा बिटांची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केला, त्यात बाइट आठ बिटांचा. म्हणजे एकाच वर्षी ‘अक्षर म्हणजे किती बिट’ याची दोन उत्तरं. आता सांगा, टेलिफोनच्या इंजिनिअरने लाइनचा वेग कशात सांगायचा? तारेला काय माहीत पलीकडे सहाचं अक्षर आहे की आठचं? तो म्हणाला, मी बिट मोजतो, तुमचं तुम्ही बघा. शिवाय त्याचं सगळं काम घड्याळाच्या ठोक्यांवर, सेकंदाला किती. तिथे किलो म्हणजे सरळ हजार. कॉम्प्युटरवाल्याचं उलटं. त्याला मेमरीतल्या जागांना पत्ते द्यायचे असतात, प्रत्येक वाढत्या बिटाने पत्ते दुप्पट होतात : ५१२, १०२४, २०४८. हजाराच्या सगळ्यात जवळचा तो १०२४, त्यालाच किलो म्हणून टाकलं. १९९८ मध्ये आयईसीने १०२४ साठी किबी, मेबी अशी वेगळी नावं काढली. चांगली होती. पण दुकानात जाऊन कुणी मेबीबाइट मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता उत्तनहून किनाऱ्याने खाली चला. गोराई, मनोरी, मग मढ, खाडीपलीकडे वर्सोवा आणि त्याच्या खाली जुहू. सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, संचालक डॉ. एस. रमाणी. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक नेटवर्कमधली ही महत्त्वाची जागा. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात फोनवरून ईमेल सुरू झाली. आणि १९८९ च्या सुरुवातीला जुहूहून अमेरिकेत व्हर्जिनियापर्यंत, यूयूनेट या कंपनीकडे, एक लाइन चालू झाली. वेग ९.६ किलोबिट. हो, मामाच्या मोडेमएवढाच. एवढ्या नळीतून देशातल्या सगळ्या आयआयटी आणि बंगळुरूचं आयआयएससी जगाशी बोलत होतं.

अशा कायम जोडलेल्या लाइनवर दोन्ही टोकांची घड्याळं जुळवलेली असत, त्यामुळे सुरू-थांब लागत नसे. तिथे आठने भागायचं : सेकंदाला १२०० बाइट. आता त्या काळातली मोठ्या कॉम्प्युटरची टेप घ्या, २४०० फुटांचं रीळ, इंचाला १६०० बाइट. मधल्या मोकळ्या जागा सोडून दिल्या तर ४ कोटी ६० लाख ८० हजार बाइट. टेपचं मशीन सेकंदाला ७५ इंच ओढत असेल तर ते रीळ साडेसहा मिनिटांच्या आत वाचून होतं. तेच जुहूच्या लाइनवरून पाठवायचं तर १० तास ४० मिनिटं, तेही बाकी कुणी ईमेल पाठवली नाही तर. म्हणून मोठी सॉफ्टवेअरं टेपवर घालून टपालाने पाठवण्याची पद्धत जगभर होती. विमान हळू असतं, पण त्याच्या पोटात खूप मावतं.

१९९२ मध्ये ती लाइन ६४ किलोबिट झाली. हा ६४ मात्र कॉम्प्युटरवाल्यांचा ६४ नाही, नुसता दिसतो तसा. फोनवरचा माणसाचा आवाज चार हजार हर्ट्झपर्यंत धरतात, त्याच्या दुप्पट म्हणजे सेकंदाला ८००० वेळा मोजतात, आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहितात. ८००० गुणिले आठ, ६४,०००. एका माणसाच्या बोलण्याची जागा! अशा ३२ जागा एकत्र बांधल्या की २०४८ किलोबिटची लाइन होते, तिला ई-१ म्हणतात. २०४८ बघून कॉम्प्युटरवाला हमखास म्हणतो, ‘अच्छा, बरोब्बर दोन मेगा’. नाही रे बाबा. इथला किलो हजाराचा, म्हणून ते २.०४८ मेगाबिट. असे सापळे आहेत हे.

मग १५ ऑगस्ट १९९५. व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. एका माणसाला ९.६ किलोबिटचं डायल-अप, २५० तास, ५००० रुपये. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं होतं, ५०० रुपयांत, पण त्यात फक्त अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. फोनचं बिल वेगळं. हे तास आपण मामाच्या मापाने मोजू. २५० तास म्हणजे ९ लाख सेकंद. गुणिले ९६०, झाले ८६ कोटी ४० लाख बाइट. ८६४ एमबी. सगळे तास एक क्षणही न थांबता वापरले तर. फ्लॉप्यांमध्ये ५८६ सुद्धा भरत नाहीत, शेवटची थोडी रिकामी राहते. आज तुमच्या फोनवरचं रोजचं दीड जीबीचं पॅक संध्याकाळी संपतं आणि तुम्ही चिडता ना? त्या वर्षी पाच हजार रुपयांत जास्तीत जास्त मिळू शकत होतं त्याच्या पावणेदोन पट ते आहे.

आणि तेव्हा तास मोजले जात, बाइट नाही. हा मुद्दा आपण विसरतो. ज्याला बिटाचे बाइट करता येत नाहीत, त्याला आपण किती पैसे जाळतोय हेच कळत नसे. मामाला तो हिशोब कळला, पण पगार गेल्यावर.

डब्यात फ्लॉप्यांखाली एक घडी घातलेला कागद होता. त्यावर मामाने नंतर केलेलं गणित. दुकानातून निघून गिरगावात छापखान्याच्या दारात पोचायला १०० मिनिटं. फ्लॉपीला २५.६ मिनिटं. खाली रेघ मारून : ‘३ पर्यंत फोन. ४ पासून लोकल.’ चार फ्लॉप्यांना १०२.४ मिनिटं लागतात, म्हणजे दोन मिनिटांनी का होईना, लोकल जिंकते. खिशात दहा फ्लॉप्या घातल्या तर लोकलला १०० मिनिटंच लागतात, मोडेमला सव्वाचार तास. हा कागद नोकरी जाण्याच्या आधीचा की नंतरचा, मी विचारलं. म्हणाला, नंतरचा. मालकाला दाखवायला नेला होता, मालकाने बघितला नाही.

माझी चूक आता सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी, ज्या कंपनीत होतो तिथे एक टेराबाइटचा बॅकअप रात्रीतून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा होता. लाइन १०० मेगाबिट. मी मीटिंगमध्ये म्हणालो, दहा हजार सेकंद, पावणेतीन तास. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीत सात इंजिनिअर होते! खरं उत्तर ऐंशी हजार सेकंद, बावीस तासांच्या वर. सकाळी लोक कामावर आले तेव्हा निम्मंसुद्धा झालं नव्हतं. मला टीमलीडने दोन शब्द सुनावले आणि दुपारी सगळ्यांनी मिळून वडापाव खाल्ले. मामाची चूक दहाची होती, माझी आठची. त्याची नोकरी गेली, माझं काहीच गेलं नाही.

तुमच्या फोनवर ही शिवण अजून आहे. स्पीड टेस्ट लावा, ४० एमबीपीएस दाखवेल. त्याच वेळी मोठी फाइल उतरवा, सेकंदाला पाच एमबीच्या आसपास दिसेल. ‘एमबी’ दोन्हीकडे, पण पहिला मेगाबिट, दुसरा मेगाबाइट. कंपनी लुटतेय असं वाटून भांडायला जाण्याआधी आठने भागून बघा. त्यानंतरही कमी येत असेल तर खुशाल भांडा.

फ्लॉप्यांचं काय झालं? यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. मामाला बोलावलं. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच, प्रत्येक फेरीत ९२१६ बाइट. सगळी फ्लॉपी वाचायला कमीत कमी ३२ सेकंद, सुई पुढे सरकण्याचा वेळ धरून जास्त. अकरापैकी सात गेलेल्या होत्या. समुद्राकाठी पत्र्याच्या डब्यात एवढी वर्षं, त्यामानाने चार वाचल्या हेच खूप. मामा ड्राइव्हचा घरघर आवाज ऐकत बसला होता. “हाच आवाज,” एवढंच म्हणाला.

एका फ्लॉपीवर स्मरणिकेतल्या मनोगताची मजकुराची फाइल निघाली. उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराला त्या फॉन्टवाल्याने स्वतःचा आकडा दिलेला. मामाने चष्मा लावला आणि कोणत्या चिन्हाला कुठलं अक्षर, ते मला एकेक करून सांगायला लागला. त्याचं कीबोर्ड अजून बोटांत आहे. आमची यादी अर्धी झालीय. पुढच्या भागात तेच, मामासकट.